सकाळचे चार आकडे : सीपॅप यंत्राची नोंद कशी वाचावी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत निद्राविकार विभागाच्या वतीने देण्यात आलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्षभरात किती रुग्ण तपासले, किती शिबिरे झाली, ही आकडेवारी अहवालात यथास्थान येतेच. आज आम्ही निराळ्या आकड्यांविषयी बोलणार आहोत. झोपेतील श्वासरोधाच्या म्हणजे स्लीप ॲप्नियाच्या रुग्णाला सीपॅप यंत्र दिले जाते आणि त्या यंत्राच्या लहानशा पडद्यावर रोज सकाळी तीन-चार आकडे उमटतात. रुग्ण ते पाहतो, घरची मंडळी पाहतात, परगावी असलेली मुले मोबाइलवर पाहतात. बहुतेकांची नजर त्यांतील एकाच आकड्यावर जाते आणि तो लहान दिसला की सारे घर निश्चिंत होते. ही निश्चिंती दर वेळी खरी असतेच असे नाही. ती खरी केव्हा आणि फसवी केव्हा, हे समजून घेण्यासाठी हे व्याख्यान आहे.

प्रथम या विकाराविषयी थोडेसे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही व्यक्तींत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट अरुंद होते किंवा पूर्णपणे मिटते. छाती श्वास घेण्यासाठी धडपडत असते, परंतु हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घशाचे स्नायू ताठ होतात आणि मोठा घोरल्यासारखा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. रुग्णाला सकाळी यातले काहीच आठवत नाही. त्याला जाणवतो तो केवळ थकवा, डोकेदुखी आणि दिवसा अनावर येणारी झोप. रात्री शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला मात्र ते थांबलेले श्वास ऐकू येतात. म्हणूनच या विकारात कुटुंबीयांची साक्ष फार मोलाची असते.

हा विकार विरळा नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयोगटातील शहरी पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोपेत श्वास बिघडण्याचे प्रमाण त्यांत १९.५ टक्के आढळले. त्याच्या जोडीला दिवसा अति झोप येणाऱ्यांचे, म्हणजेच प्रत्यक्ष त्रास असणाऱ्यांचे प्रमाण ७.५ टक्के होते. उपचार न झालेल्या या विकाराचा संबंध उच्च रक्तदाब, हृदयाची अनियमित गती आणि पक्षाघात यांच्याशी आहे. वाहन चालवताना डुलकी लागण्याचा धोका तर रस्त्यावरील इतरांनाही भोवतो.

सीपॅपची कल्पना मोठी साधी आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये नाकावाटे सतत हलक्या दाबाने हवा देऊन हा मिटणारा मार्ग उघडा ठेवता येतो, हे प्रथम दाखवले. पाच रुग्णांवरील त्यांचा अनुभव १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे यंत्र प्राणवायू पुरवत नाही. खोलीतलीच हवा ते दाबाने देते. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि तो सामान्यतः ४ ते २० या मर्यादेत असतो. १० सेंटिमीटर दाब म्हणजे वातावरणाच्या दाबाचा सुमारे शंभरावा हिस्सा. एवढ्या हलक्या हवेचा आधार घशाला पुरतो. मात्र हा आधार मास्क चेहऱ्यावर असेपर्यंतच मिळतो. मास्क काढला की घसा पूर्ववत मिटू लागतो. पुढील सर्व विवेचनाचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

आता आकड्यांकडे वळू. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, नोंदीत मुख्यतः चार गोष्टी असतात : वापराचे तास, हवेची गळती, एएचआय आणि दाब. आमचा आग्रह असा की त्या याच क्रमाने वाचाव्यात.

सर्वांचे लक्ष ज्यावर जाते तो आकडा एएचआय. दर ताशी किती वेळा श्वास थांबला किंवा अपुरा झाला, याची ती सरासरी होय. किमान दहा सेकंदांचा रोध झाला तरच तो गणला जातो. निद्रा-तपासणीत हा आकडा ५ च्या खाली असल्यास सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र विकार मानतात. उपचार सुरू झाल्यावर तो ५ च्या खाली राहावा, अशी साधारण अपेक्षा असते. ४० वरून तो ३ वर आला की आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु हा ३ कोणत्या काळाचा? यंत्र सुरू होते तेवढ्याच काळाचा. मास्क काढून ठेवल्यानंतर काय झाले, हे यंत्राला ठाऊक नसते आणि म्हणून ते नोंदीत येत नाही.

एक साधे गणित मांडू. समजा, एक गृहस्थ सात तास झोपतात आणि उपचाराविना त्यांचा एएचआय ४० आहे. त्यांनी तीन तास मास्क लावला आणि त्या वेळचा एएचआय ३ आला. म्हणजे तीन तासांत ९ रोध. उरलेले चार तास मास्क नव्हता. तेथे ताशी ४० प्रमाणे १६० रोध झाले. एकूण १६९ भागिले सात, म्हणजे ताशी सुमारे २४. पडद्यावर ३ दिसत असताना रात्रीची खरी सरासरी मध्यम विकाराची राहिली. याउलट दुसऱ्या एका रुग्णाचा मूळ विकार तेवढाच आहे, पण त्यांनी साडेसहा तास मास्क लावला आणि त्यांचा एएचआय ६ आला. ३९ आणि २० मिळून ५९ रोध, म्हणजे ताशी सुमारे साडेआठ. पडद्यावरचा आकडा दुप्पट असूनही या दुसऱ्या रुग्णाची रात्र कितीतरी सुरक्षित गेली. शिवाय स्वप्नांची झोप पहाटेच्या बाजूला अधिक असते आणि अनेक रुग्णांत रोध याच झोपेत जास्त वेळ टिकतात. पहाटे मास्क काढून ठेवणारा रुग्ण नेमका तोच काळ संरक्षणाविना काढतो. यास्तव तासांचा आकडा प्रथम वाचावा.

याला मोठ्या अभ्यासाचाही आधार आहे. ‘सेव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सात देशांतील २,७१७ रुग्ण तीत होते आणि त्या देशांत भारतही होता. सर्वांना मध्यम वा तीव्र श्वासरोध होता, तसेच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजारही होता. सीपॅप वापरणाऱ्यांचा एएचआय २९ वरून ३.७ वर आला. आकडा उत्तम. तरीही हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आदी घटनांत लक्षणीय घट दिसली नाही. या रुग्णांचा सरासरी वापर होता रात्री ३.३ तास. रोज चार तास वा अधिक वापर करणाऱ्यांचा स्वतंत्र विचार केला असता त्यांत पक्षाघाताचे प्रमाण कमी आढळले. अशा विश्लेषणाने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तसेच त्या अल्प वापरानेही दिवसाची झोप, मनाची उभारी आणि जीवनमान यांत सुधारणा झाली, हेही सांगितले पाहिजे. परंतु लहान एएचआय आणि थोडे तास यांचा मेळ पुरेसा मानू नये, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

किती तास पुरेसे? अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने ३० दिवसांपैकी किमान ७० टक्के रात्री, प्रत्येकी किमान चार तास, असा निकष ठरवला आहे. तोच पुढे जगभर उद्धृत होऊ लागला. पण ती यंत्राचा खर्च द्यावा की नाही हे ठरवण्याची मर्यादा आहे, आरोग्याचे उद्दिष्ट नव्हे. जितकी झोप तितका मास्क, दुपारच्या वामकुक्षीसह, हेच उद्दिष्ट होय. तासांच्या नोंदीत आणखी एक बारकावा आहे. यंत्र चालू असल्याचा वेळ ते मोजते, झोपेचा नव्हे. मास्क लावून दोन तास जागे पडून राहिले तर तेही तास धरले जातात. उलटपक्षी, रात्री वीज गेली तर नोंद तुटते. अशा रात्रीचा कमी आकडा पाहून रुग्णाला दोष देऊ नये. जेथे वीज वारंवार जाते तेथे बॅटरीची सोय करता येईल का, हे आम्हास विचारावे.

दुसरा आकडा गळतीचा. मास्कला जी बारीक छिद्रे असतात ती मुद्दाम ठेवलेली असतात. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड त्यांतून बाहेर जातो. तेथून येणारी हवा पाहून काही घरांत त्यावर चिकटपट्टी लावली जाते. असे कदापि करू नये. चिंतेची गळती ती, जी मास्कच्या कडेने किंवा उघड्या तोंडावाटे होते. रेसमेड कंपनीच्या यंत्रांत मुद्दाम ठेवलेली गळती वजा करून उरलेली दाखवतात आणि मिनिटाला २४ लिटरपर्यंत ती मान्य धरतात. अन्य काही यंत्रे एकूण गळती दाखवतात, त्यामुळे त्यांचा आकडा मोठा दिसतो. म्हणून शेजाऱ्यांच्या यंत्राशी तुलना करणे व्यर्थ आहे. गळती फार झाली की यंत्राला श्वासाचा प्रवाह नीट मोजता येत नाही, आणि मग त्या रात्रीचा एएचआय विश्वासार्ह राहत नाही. गळती वाढली तर पट्टे आवळत सुटू नये. फार आवळल्याने मास्कची कड दुमडते आणि गळती वाढते. झोपण्यापूर्वी चेहऱ्यास तेल लावण्याची सवय, वाढलेली दाढी, रात्री काढून ठेवलेली कवळी, जुनी झालेली गादी, चोंदलेले नाक, ही कारणे प्रथम तपासावीत.

तिसऱ्या क्रमाने एएचआय वाचावा, आणि तोही एका रात्रीचा नव्हे. सर्दी झाली, उताणे झोपणे झाले, मद्यपान झाले, तर एखाद्या रात्री तो ८ किंवा ९ होतो. दोन-तीन आठवड्यांचा कल पाहावा. शिवाय यंत्राचा एएचआय आणि तपासणीतील एएचआय यांची मोजणी एकसारखी नसते. तपासणीत मेंदूच्या लहरी आणि प्राणवायू यांची नोंद असते. घरचे यंत्र केवळ हवेच्या प्रवाहावरून अनुमान करते. निरनिराळ्या कंपन्यांची अनुमानाची रीतही निराळी असते. पडद्यावर ३ असून दिवसा झोप आवरत नसेल, तर रुग्णाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा.

काही यंत्रे रोधांची विभागणीही दाखवतात. घसा मिटल्यामुळे झालेला रोध एक आणि मेंदूकडून श्वासाची आज्ञाच न सुटल्यामुळे झालेला रोध दुसरा. श्वास थांबताच यंत्र हवेचे हलके कंप पाठवून वाट उघडी आहे की मिटलेली, याचा अंदाज घेते. वाट उघडी असूनही श्वास नसेल, तर तो मध्यवर्ती रोध समजतात. उपचाराच्या आरंभी काही रुग्णांत असे रोध दिसतात आणि पुष्कळदा काही आठवड्यांत ओसरतात. ते टिकून राहिले तर मात्र तपासणी आवश्यक आहे, कारण त्यामागे क्वचित हृदयाची दुर्बलता असू शकते.

या ठिकाणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सर्व्ह-एचएफ’ या चाचणीचा उल्लेख करणे आम्हास अगत्याचे वाटते. हृदयाची आकुंचनशक्ती क्षीण झालेल्या आणि प्रामुख्याने मध्यवर्ती रोध असणाऱ्या १,३२५ रुग्णांवर ती झाली. तीत वापरलेले यंत्र साधे सीपॅप नव्हते, तर एएसव्ही नावाचे, प्रत्येक श्वासानुरूप दाब बदलणारे यंत्र होते. एका वर्षाने त्या रुग्णांचा एएचआय ६.६ वर आला होता. आकड्यापुरता विचार केला तर उपचार यशस्वी होता. तरीही हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण यंत्र वापरणाऱ्यांत २९.९ टक्के, तर न वापरणाऱ्यांत २४ टक्के निघाले. साध्या सीपॅपवरील रुग्णांनी यामुळे भयभीत होण्याचे कारण नाही. हा निष्कर्ष त्या विशिष्ट रुग्णांपुरता आणि त्या विशिष्ट यंत्रापुरता आहे. आकडा सुधारणे आणि माणूस सुधारणे या दोन गोष्टी प्रत्येक वेळी हातात हात घालून चालत नाहीत, हे मात्र त्यातून साऱ्या वैद्यकविश्वाला उमगले.

चौथा आकडा दाबाचा. स्वयंचलित यंत्रांत दाब रात्रभर कमी-अधिक होतो. नोंदीतील ‘९५ टक्के’ या शब्दांचा अर्थ एवढाच, की रात्रीचा ९५ टक्के वेळ दाब त्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी होता. हा आकडा ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेला वारंवार टेकत असेल तर आम्हास कळवावे. स्वतः मर्यादा वाढवू नये. दाब अकारण वाढवल्यास गळती वाढते, पोटात हवा जाते आणि काहींत मध्यवर्ती रोधही वाढतात. दाब हे औषधाच्या मात्रेसारखे असते, आणि मात्रा चिठ्ठीवाचून बदलत नाहीत.

कुटुंबीयांना आमची विनंती आहे ती अशी. रोज सकाळी आकड्यांवरून रुग्णाची परीक्षा घेऊ नये. आठवड्यातून एकदा चारही आकडे वहीत लिहावेत. त्याशेजारी दोन ओळी आपल्या निरीक्षणाच्या लिहाव्यात : दिवसा डुलकी लागली का, सकाळी डोके दुखले का, मास्कमधूनही घोरणे ऐकू आले का, मास्क किती वाजता आणि कशामुळे काढला. या अखेरच्या प्रश्नाचे उत्तर आम्हास सर्वांत उपयोगी पडते. नाक कोरडे पडत असेल तर ह्युमिडिफायरने प्रश्न सुटतो. नळीत पाणी साचत असेल तर त्याची उष्णता बदलावी लागते. गुदमरल्यासारखे वाटत असेल तर मास्कचा प्रकार बदलता येतो. हे सर्व उपाय साधे आहेत. परंतु कारण न सांगता यंत्र कपाटावर ठेवून दिले, तर कोणताही उपाय करता येत नाही.

आता देणगीदारांना दोन शब्द. आपल्या औदार्यामुळे, ज्यांना यंत्र विकत घेणे परवडत नाही, अशा रुग्णांच्या हाती ते पोचते. काही कुटुंबे आपल्या दिवंगत आप्ताचे यंत्र आणून देतात. त्यामागील भावनेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. असे यंत्र पूर्वीच्या रुग्णाच्या दाबावर बसवलेले असते. नवा दाब ठरवून, जुनी नोंद पुसून, मास्क, नळी आणि फिल्टर नवे घालूनच ते पुढे द्यावे लागते. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आवाज कमी करणारा आतील फोम झिजण्याच्या शक्यतेमुळे आपली अनेक जुनी यंत्रे परत मागवली होती. म्हणून दान आलेल्या प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक पडताळणे आवश्यक असते. यास्तव जुने यंत्र परस्पर कोणास न देता रुग्णालयाकडे द्यावे.

आणखी एक प्रार्थना. यंत्र एकदाच घ्यावे लागते. मास्कची गादी, नळी आणि फिल्टर मात्र झिजतात आणि पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात. गादी फाटली म्हणून गळती, गळतीमुळे झोपमोड, झोपमोडीमुळे मास्क दूर, असा हा क्रम असतो. यंत्राच्या किमतीपुढे क्षुल्लक वाटणाऱ्या एका गादीपायी सारे दान निष्फळ होऊ शकते. आपल्या देणगीचा काही भाग या लहान वस्तूंसाठी आणि घरोघरी फोन करून चौकशी करणाऱ्या सेविकेसाठी राखून ठेवावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

विश्वस्त मंडळालाही एक निवेदन करतो. किती यंत्रे दिली, हा आकडा अहवालात शोभून दिसतो. त्याच्या शेजारी दुसरा आकडा छापला जावा : यंत्र दिल्यानंतर सहा महिन्यांनी किती रुग्ण रात्रभर मास्क लावतात. हा आकडा पहिल्याहून लहान असेल, कदाचित बराच लहान. तरीही तो छापावा. देणगीदाराच्या पैशाचे श्वासात रूपांतर झाले की नाही, हे त्याच आकड्यावरून कळेल, आणि तो वाढवण्याचे उत्तरदायित्व आमच्यावर राहील.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी आमच्या विभागाचे दार सदैव उघडे आहे. येताना यंत्राचे कार्ड, मास्क आणि ती वही बरोबर आणावी.